ताट साधं, दाब २२०

१ मार्च १९२७ ला गांधीजी रत्नागिरीत होते. सावरकर तेव्हा इथे स्थानबद्ध होते आणि त्या दिवशी गांधीजी त्यांना घरी जाऊन भेटले. त्या भेटीबद्दल आमच्या गावात प्रत्येकाकडे काही ना काही सांगायला असतं. पण त्याच दौऱ्यात तीन-साडेतीन आठवड्यांनी जे झालं, ते फारसं कुणी सांगत नाही.

मार्चच्या शेवटच्या आठवड्यात कोल्हापुरात लागोपाठ सभा झाल्या आणि गांधीजींची तब्येत एकदम ढासळली. रक्तदाब वाढला होता. डॉक्टरांनी सक्तीची विश्रांती सांगितली आणि दौरा थांबला. आधी त्यांना आंबोलीला नेलं, मग तिथून म्हैसूर संस्थानातल्या नंदी टेकडीवर. तेव्हा ते ५७ वर्षांचे होते. अंगावर चरबी नाही, रोजचं चालणं काही मैलांचं, दारू-तंबाखूचा प्रश्नच नाही. आहार म्हणाल तर फळं, सुकामेवा, उकडलेल्या भाज्या आणि शेळीचं दूध.

हे शेळीचं दूधसुद्धा नाइलाजानं आलेलं. १९१२ मध्ये दक्षिण आफ्रिकेत त्यांनी दूध सोडलं होतं. आजच्या भाषेत सांगायचं तर ते व्हीगन झाले होते, तेही हा शब्द जन्माला यायच्या तीस-एक वर्षं आधी. १९१८ मध्ये आमांशानं ते इतके खंगले की अखेर जानेवारी १९१९ मध्ये मुंबईत, मूळव्याधीच्या शस्त्रक्रियेच्या सुमारास, त्यांनी शेळीचं दूध घ्यायला सुरुवात केली. ते दूध वगळलं तर त्यांचं पुढचं सगळं आयुष्य वनस्पतींवरच गेलं.

आता पुढचे आकडे बघा. १९३६ पासून गांधीजींचा मुक्काम वर्ध्याजवळच्या शेगावला, म्हणजे आजच्या सेवाग्रामला होता. त्या वर्षांतल्या त्यांच्या तब्येतीच्या नोंदी जपून ठेवल्या गेल्या आणि इंडियन कौन्सिल ऑफ मेडिकल रिसर्चनं २०१९ मध्ये त्या प्रसिद्ध केल्या. २६ ऑक्टोबर १९३७: रक्तदाब १९४/१३०. १९ फेब्रुवारी १९४०: २२०/११०. वजन ४६.७ किलो. उंचीच्या मानानं हे वजन कमीच होतं, बीएमआय १७.१.

आज कुठल्याही दवाखान्यात २२० आकडा दिसला तर डॉक्टर तुम्हाला घरी सोडणार नाहीत.

आपण काही खात नाही

मराठीत एक गमतीचं वाक्य आहे: ‘आम्ही काही खात नाही.’ म्हणजे मासे-मटण खात नाही. रत्नागिरीत हे वाक्य बोलणारे तसे कमीच. इथे बाजारात आधी मासळी आणि मग भाजी बघतात. पण सोमवार, एकादशी, श्रावण पाळणारी घरं पुष्कळ आहेत. काही घरांत पिढ्यान् पिढ्या शाकाहार आहे. आणि तुळशीची माळ घातल्यावर मासा कायमचा सोडलेली माणसं अगदी बंदरावरच्या वस्तीतही भेटतात. आता यात आणखी एक गट मिळाला आहे: पुण्या-बंगळुरूत नोकरी करणारी, इन्स्टाग्रामवर बघून दूध-पनीरही सोडलेली माझ्या वयाची मुलं.

या सगळ्यांच्या मनात एक समजूत घट्ट बसलेली आहे. ‘आपण काही खात नाही, मग आपल्याला हार्टचं काय होणार?’ माझ्या घरातही ती होती. माझे एक काका शुद्ध शाकाहारी, सडपातळ, रोज सकाळी भाट्याच्या पुलापर्यंत चालून येणारे. ५२ व्या वर्षी गेले, दोन तासांत. नंतर त्यांचं कपाट आवरताना वीजबिलं सापडली, वर्षवार, टाचणी लावून ठेवलेली. गाडीच्या सर्व्हिसिंगच्या पावत्याही होत्या. स्वतःच्या रक्तदाबाचा एकही कागद नव्हता. त्यांनी लपवला नव्हता. कधी मोजलाच नव्हता.

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. आमच्याकडे सर्व्हर बाहेरून कसा दिसतो यावर कुणी विश्वास ठेवत नाही. लॉग उघडून बघतात. काका गेल्यावर मला प्रश्न पडला की आपल्याकडच्या शाकाहारी माणसांच्या हृदयाचा लॉग कुणी कधी लिहिला का? उत्तर शोधताना बराच इतिहास हाती लागला आणि त्यातला मोठा भाग मुंबई, पुणे आणि आमच्या रत्नागिरी जिल्ह्यात घडलेला निघाला.

आगाखान पॅलेस

गांधीजींचा रक्तदाब मोजला जात होता, पण मोजून करायचं काय हे कुणालाच नीट माहीत नव्हतं. १९३० च्या दशकात चांगले चांगले डॉक्टर असं मानत की वयाबरोबर दाब वाढतोच आणि तो खाली आणणंच धोक्याचं. हातात औषध नव्हतं. विश्रांती, मौन, हवापालट एवढाच उपाय. १९३७ च्या अखेरीस गांधीजींना विश्रांतीसाठी जुहूच्या किनाऱ्यावर ठेवलं होतं, ते याच कारणानं.

मग आला ऑगस्ट १९४२. ‘छोडो भारत’नंतर ९ ऑगस्टला पकडून त्यांना पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये आणलं. सोबत सचिव महादेवभाई देसाई होते. सहाच दिवसांनी, १५ ऑगस्टला सकाळी, महादेवभाई हृदयविकारानं कोसळले. डॉ. सुशीला नय्यर तिथेच होत्या, त्यांनी शर्थ केली, पण उपयोग झाला नाही. महादेवभाईंचं वय होतं ५०. जेवण आश्रमाचंच. मगनवाडी ते सेवाग्राम हे पाच-साडेपाच मैलांचं अंतर वर्ध्याच्या उन्हात चालत जाणारा, चालत परतणारा हा माणूस.

दीड वर्षानं त्याच वास्तूत, २२ फेब्रुवारी १९४४ ला, कस्तुरबा गेल्या. त्याआधी त्यांना हृदयविकाराचे झटके येऊन गेले होते. आज आगाखान पॅलेसच्या आवारात दोन समाध्या शेजारी शेजारी आहेत. शाळेच्या सहलीत आपण त्या बघतो, फोटो काढतो आणि पुढे जातो. त्या दोन्ही समाध्या हृदयविकाराच्या आहेत, आणि दोघांचं ताट कुठल्याही आहारतज्ज्ञानं पसंत करावं इतकं साधं होतं, हे आपल्याला कुणी सांगत नाही.

यावरून शाकाहार निरुपयोगी ठरत नाही. दोघांवर ताण होता, तुरुंग होता, उपास होते आणि वाढलेल्या दाबावर औषध नव्हतं. दोन-तीन माणसांच्या गोष्टीवरून नियम काढता येत नाही. पण तीच दोन-तीन माणसं एक खोटा नियम मोडायला पुरेशी असतात. ‘साधं खाल्लं की हृदय सुरक्षित’ हा नियम आगाखान पॅलेसमध्येच मोडला होता.

मुळी आणि मोजपट्टी

या गोष्टीत पुढे एक वनस्पती येते. सर्पगंधेच्या मुळीचा उपयोग वैद्यांना शतकानुशतकं ठाऊक होता. १९३१ मध्ये गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस या कोलकात्याच्या दोघांनी ती रक्तदाबावर चालते असं लिहिलंही. जगानं लक्ष दिलं नाही.

लक्ष वेधून घेतलं मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी. केईएम रुग्णालयाशी संबंधित असलेल्या या हृदयरोगतज्ज्ञानं रुग्णांना सर्पगंधा दिली, देण्याआधीचा आणि नंतरचा रक्तदाब नोंदवत गेले आणि १९४९ मध्ये ते निष्कर्ष ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये छापले. तीन वर्षांत स्वित्झर्लंडच्या सिबा कंपनीतल्या संशोधकांनी त्या मुळीतून रेसर्पिन वेगळं काढलं. रक्तदाबावर जगभर वापरलं गेलेलं हे पहिल्या काही औषधांपैकी एक. १९५७ मध्ये वकील यांना अमेरिकेतला मानाचा लास्कर पुरस्कार मिळाला. पुढे रेसर्पिनमुळे काही रुग्णांना नैराश्य येतं असं दिसलं, दुसरी औषधं आली आणि ते मागे पडलं.

मुळी तीच होती, गुणही तेच. वकिलांनी त्यात आधीचा आकडा आणि नंतरचा आकडा एवढीच भर घातली. ‘आमच्या आयुर्वेदात हे आधीच होतं’ असा फॉरवर्ड पुढच्या वेळी आला की हे आठवा. आधीच होतं हे खरंच आहे. पण ती मुळी कुणाला, किती आणि कुठवर उपयोगी पडते हे मोजल्यावर कळलं. तिचा त्रासही मोजल्यामुळेच कळला.

वकील मुंबईत हे करत होते त्याच सुमारास, १९४८ मध्ये, अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅम नावाच्या छोट्या शहरात ५,२०९ धडधाकट माणसांची नोंद सुरू झाली. दर दोन वर्षांनी तपासायचं, वाट बघायची, कुणाला हृदयविकार होतो ते पाहायचं. आज डॉक्टर ज्याला रिस्क फॅक्टर म्हणतात तो शब्द तिथून १९६१ मध्ये रूढ झाला. वाढलेला दाब, वाढलेलं कोलेस्टेरॉल, धूम्रपान ही कारणं माणूस ठणठणीत असतानाच दिसतात, हे तिथं सिद्ध झालं. पण ती सगळी माणसं गोरी, अमेरिकन आणि बहुतेक मांसाहारी. आपल्या ताटाबद्दल त्या नोंदवहीत काहीच नव्हतं.

रेल्वेचं रजिस्टर

आपल्याकडे इतक्या माणसांची नोंद तेव्हा एकाच ठिकाणी होती: रेल्वेत. कर्मचारी कुठे काम करतो, त्याचं वय काय, तो कशानं गेला, हे सगळं रेल्वेच्या कागदावर येत असे. वेस्टर्न रेल्वेचे मुख्य वैद्यकीय अधिकारी डॉ. एस. एल. मल्होत्रा यांनी या कागदांतून एक अभ्यास उभा केला. देशभरातले अकरा लाखांहून अधिक रेल्वे कर्मचारी, वय १८ ते ५५. अभ्यास १९६७ मध्ये छापून आला, तोही ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्येच.

निष्कर्ष वाचून तेव्हाचे डॉक्टर चक्रावले असणार. दक्षिण भारतातल्या कर्मचाऱ्यांमध्ये हृदयविकाराचं प्रमाण उत्तरेतल्या पंजाबी कर्मचाऱ्यांच्या सातपट निघालं. वास्तविक पंजाबी माणूस त्यांच्यापेक्षा ८ ते १९ पट जास्त स्निग्ध पदार्थ खात होता आणि तेही मुख्यतः दूध-तुपातून आलेले. दक्षिणेत स्वयंपाक वनस्पती तेलाचा. वयही वेगळं: दक्षिणेत हृदयविकारानं मरणाऱ्यांचं सरासरी वय ४४ च्या आसपास, उत्तरेत ५२.

याचा अर्थ तूप ओतून खा, असा काढायचा नाही. मृत्यूचं कारण कुठल्या डॉक्टरनं कसं लिहिलं, अंगमेहनत कुणाची किती होती, कुठल्या भागात तपासणी चांगली होती, या सगळ्याचा परिणाम अशा आकड्यांवर होतो. मल्होत्रांनी स्वतः जेवणातला चोथा, चावून खाणं, आंबवलेलं दूध अशी कारणं सुचवली. ती सगळी टिकली असं नाही. पण एक गोष्ट टिकली. ‘प्राण्यांचं वाईट, झाडांचं चांगलं’ या दोन रकान्यांत हृदय बसत नाही, हे १९६७ मध्ये मुंबईतल्या रेल्वेच्या एका डॉक्टरनं आकड्यांत दाखवून दिलं होतं.

झाडांचं म्हणजे चांगलं, या समजुतीचं सर्वांत महाग उदाहरण आपल्याच स्वयंपाकघरात होतं. पिवळ्या डब्यावरचं नारळाचं झाड आठवतंय का? आजीच्या माळ्यावर त्यात खिळे नाहीतर तांदूळ असतील. डालडा हे नाव १९३७ मध्ये आलं, कारखाना मुंबईत शिवडीला. वनस्पती तेलात हायड्रोजन घालून ते तुपासारखं घट्ट करायचं. शंभर टक्के शाकाहारी, तुपाहून स्वस्त. लग्नाचे लाडू, बेकरीची खारी, नानकटाई, सगळं त्यात होऊ लागलं. अर्धवट हायड्रोजन घातलेल्या तेलात ट्रान्स फॅट तयार होतं. ते वाईट कोलेस्टेरॉल वाढवतं आणि चांगलं कमी करतं हे १९९० मध्ये नेदरलँड्समधल्या प्रयोगात स्पष्ट झालं. आपल्याकडे खाद्यतेलांतलं ट्रान्स फॅट २ टक्क्यांच्या आत आणण्याचा नियम लागू झाला १ जानेवारी २०२२ ला. १९३७ ते २०२२. मधल्या ८५ वर्षांत ‘आम्ही काही खात नाही’ म्हणणाऱ्या किती घरांनी हे खाल्लं, याची नोंद कुठेच नाही.

चांगली बातमीही मोजूनच आली

शाकाहारानं हृदयाचं भलं होतं, हेही खरं आहे. तेही मोजल्यावरच पटलं.

१९९० मध्ये अमेरिकन डॉक्टर डीन ऑर्निश यांनी ‘लॅन्सेट’मध्ये एक छोटा प्रयोग छापला. ४८ रुग्ण, त्यांतल्या २८ जणांना अगदी कमी स्निग्ध असलेलं शाकाहारी जेवण, चालणं, धूम्रपान बंद, आणि योगासनं-ध्यान. यातलं योगाचं अंग ऑर्निश तमिळनाडूतून अमेरिकेत गेलेल्या स्वामी सच्चिदानंदांकडून शिकले होते. वर्षभरानं अँजिओग्राफी केली तेव्हा बहुतेकांच्या रक्तवाहिन्यांतला अडथळा किंचित कमी झालेला दिसला. तोवर असं मानत की एकदा वाहिनी तुंबू लागली की ती तुंबतच जाणार. प्रयोग लहान होता आणि जेवण, ध्यान, चालणं यांतल्या कशाचा वाटा किती हे वेगळं काढता येत नव्हतं. पण ताटातला बदल फोटोत दिसू शकतो हे लोकांना कळलं.

पुढे मोठे अभ्यास आले. ब्रिटनमध्ये ४८ हजारांहून जास्त माणसांवर १८ वर्षं नजर ठेवल्यावर २०१९ मध्ये दिसलं की शाकाहारी लोकांत हृदयविकार मांसाहाऱ्यांपेक्षा २२ टक्के कमी. त्याच नोंदीत पक्षाघात मात्र २० टक्के जास्त! आणि २०१७ मध्ये अंबिका साटिजा आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या दोन लाखांहून अधिक आरोग्य कर्मचाऱ्यांच्या नोंदींतून शाकाहाराचेच दोन भाग पाडले. डाळी, भाज्या, फळं, अख्खी धान्यं, सुकामेवा जास्त खाणाऱ्यांमध्ये हृदयविकार सुमारे २५ टक्के कमी. मैदा, साखर, बटाट्याचे पदार्थ, गोड पेयं जास्त घेणाऱ्यांमध्ये सुमारे ३२ टक्के जास्त. दोघांच्याही पोटात वनस्पतीच.

वडापाव शाकाहारी आहे. पाव-बटरही. साबुदाण्याची खिचडीसुद्धा. ‘आम्ही काही खात नाही’ यातल्या ‘काही’नं हा फरक झाकून टाकला होता.

याच विषयात एक काळं पानही आहे आणि तेही भारतातलंच. उत्तर प्रदेशातल्या मुरादाबादहून आलेल्या काही अभ्यासांत फळं, भाज्या, सुकामेवा यांनी हृदयरुग्णांचे जीव वाचतात असे डोळे दिपवणारे आकडे होते. १९९२ मध्ये ते ‘बीएमजे’त छापले गेले, २००२ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये. संपादकांना शंका आली, त्यांनी मूळ नोंदी मागितल्या. त्यातल्या काही कागदांबद्दल उत्तर मिळालं की ते वाळवीनं खाल्ले. २००५ मध्ये दोन्ही नियतकालिकांनी त्या निबंधांवर जाहीरपणे शंका नोंदवली.

कोकणातल्या माणसाला वाळवीचं हे उत्तर ऐकून हसू येत नाही. आमच्याकडे खरोखरच सातबारा आणि खरेदीखतं वाळवीनं खाल्ली आहेत. पण म्हणूनच आम्हाला हेही ठाऊक आहे की कागद गेला की जमीन आपली असली तरी सिद्ध करता येत नाही. इथे तेच झालं. फळं-भाज्या हृदयाला चांगल्याच आहेत, पण ते सांगायला आता त्या आकड्यांचा उपयोग नाही.

पुण्यातली बारीक माणसं

आपल्या माणसाच्या हृदयाची सगळ्यात सविस्तर नोंद मात्र पुण्यात झाली. पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ मध्ये पुण्याजवळच्या सहा गावांतल्या स्त्रियांची नोंद सुरू केली. गर्भारपणात त्या काय खातात, किती काम करतात, बाळ किती वजनाचं होतं. मग ती बाळं मोठी होताना तपासत राहायचं. तिथल्या बाळांचं सरासरी वजन २.७ किलो, इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टनच्या बाळांचं ३.५. पण आपलं बाळ हडकुळं असलं तरी त्याच्या कातडीखालची चरबी मात्र फारशी कमी नव्हती. कमी होते ते स्नायू. याज्ञिकांनी त्याला बारीक-पण-चरबीयुक्त बाळ असं नाव दिलं.

२००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये एक फोटो छापला गेला. त्यात दोन डॉक्टर शेजारी उभे आहेत: याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश मित्र जॉन युडकिन. दोघांचा बीएमआय तंतोतंत सारखा, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२. वजनकाटा दोघांना एकच उत्तर देत होता. माझ्या काकांनाही वजनकाट्यानं तेच उत्तर दिलं असतं.

शाकाहाराशी थेट संबंध असलेला पुण्याचा दुसरा अभ्यास २००६ चा. खेडं, झोपडपट्टी आणि शहरी मध्यमवर्ग अशा तीन ठिकाणचे ४४१ मध्यमवयीन पुरुष तपासले. ६७ टक्क्यांच्या रक्तात बी१२ जीवनसत्त्व कमी होतं. शहरी मध्यमवर्गात ८१ टक्के! नेहमी मांसाहार करणाऱ्यांच्या तुलनेत शाकाहारी माणसांत ही कमतरता असण्याचा धोका ४.४ पट. बी१२ वनस्पतींत जवळजवळ नसतंच. दुधातून थोडं मिळतं, पण आपलं दूध बहुधा चहात पडेल तेवढंच. बी१२ कमी पडलं की रक्तात होमोसिस्टीन नावाचं द्रव्य साठतं, आणि ते वाढलेल्या माणसांत हृदयविकार जास्त दिसतो.

सगळ्यांना वाटलं, सापडलं कारण. गोळ्या द्या, होमोसिस्टीन उतरवा, अटॅक टळतील. त्याच वर्षी, २००६ मध्ये, परदेशातल्या दोन मोठ्या चाचण्यांचे निकाल आले. गोळ्यांनी होमोसिस्टीन उतरलं, हार्ट अटॅक मात्र कमी झाले नाहीत. आमच्या धंद्यात हे रोज घडतं. धोक्याचा दिवा लागतो, तुम्ही दिवा विझवता, बिघाड तसाच राहतो. म्हणून बी१२ बिनमहत्त्वाचं ठरत नाही. ते कमी पडलं तर रक्त बिघडतं, नसा बिघडतात, हातापायांना मुंग्या येतात. पूर्ण वनस्पतींवर जगायचं ठरवलं तर ते बाहेरून घ्यावंच लागतं. पण त्याची गोळी म्हणजे हृदयाचा विमा नव्हे.

डेरवण

आणि आता पुन्हा आमचा जिल्हा. चिपळूण तालुक्यात सावर्ड्याजवळ डेरवण आहे. तिथल्या बी. के. एल. वालावलकर रुग्णालयानं रत्नागिरी जिल्ह्यातल्या १६ ते १८ वर्षांच्या १,५२० मुलींची नोंद ठेवायचं ठरवलं. अभ्यासाचा आराखडा २०२० मध्ये छापला गेला. या मुलींचं खाणं, शरीराची ठेवण, रक्तातले घटक तपासायचे आणि पुढची वर्षं त्यांच्या मागावर राहायचं. प्रश्न असा की मोठेपणी होणाऱ्या मधुमेह-हृदयविकाराची पाळंमुळं या वयात किंवा त्याआधीच दिसतात का, आणि उद्या या मुली आई होतील तेव्हा ती पुढच्या पिढीत जातात का.

हृदयविकार शोधायला शाळकरी मुली कशाला, असं वाटेल. त्याचं उत्तर इंग्लंडमधल्या एका जुन्या रजिस्टरात आहे. हर्टफर्डशर परगण्यात १९११ पासून परिचारिका सायकलवरून घरोघर जाऊन प्रत्येक बाळाचं जन्माचं आणि वर्षाचं वजन लिहून ठेवत. सत्तर-ऐंशी वर्षांनी डेव्हिड बार्कर या डॉक्टरांच्या हाती ती रजिस्टरं लागली. त्यांनी त्यातल्या ५,६५४ पुरुषांचा माग काढला आणि १९८९ मध्ये दाखवलं की जन्मतः आणि पहिल्या वर्षी ज्यांचं वजन कमी होतं, ते पुढे हृदयविकारानं जास्त मेले. ज्या बाईनं १९११ मध्ये ते वजन लिहिलं तिला हा प्रश्न माहीतसुद्धा नव्हता. तिनं फक्त नोंद नीट ठेवली.

कोकणात लहान बाळं, बारीक आया आणि मुंबईला गेलेले चाकरमानी हे पिढ्यान् पिढ्यांचं चित्र आहे. गरिबीत वाढलेलं शरीर नंतर शहरात बसून खाऊ लागलं की काय होतं, याचं उत्तर मुंबईतल्या कोकणी घरांमध्ये अँजिओप्लास्टीच्या फायलींत पडलेलं आहे. ते एकत्र कुणी वाचलेलं नाही. डेरवणच्या मुलींबाबत तरी ते वाचता येईल.

ही नोंद ठेवायला आपल्याला रुग्णालयाची गरज नाही. तुम्ही मासे खाता, श्रावण पाळता की ओटचं दूध पिता, यानं फारसा फरक पडत नाही. पंचविशी ओलांडली असेल तर काही आकडे स्वतःचे स्वतःला माहीत असावेत: रक्तदाब, एलडीएल कोलेस्टेरॉल, एचबीए१सी, आणि शाकाहारी असाल तर बी१२. कमरेचा घेर टेपनं मोजता येतो. भारतीय पुरुषांसाठी ९० सेंटीमीटर आणि स्त्रियांसाठी ८० ही धोक्याची रेघ मानतात. लायपोप्रोटीन-ए हा घटक बहुतांशी आनुवंशिक असतो, तो आयुष्यात एकदा तपासला तरी चालतो. घरात कुणाला कितव्या वर्षी हार्टचा त्रास झाला हे विचारून लिहून ठेवा. आकडा वाढलेला निघाला तर ताट सुधारा, पण डॉक्टरांनी दिलेली गोळी ताटाच्या भरवशावर बंद करू नका. गांधीजींच्या वेळी गोळी नव्हती. आपल्या वेळी आहे.

मनगटावरचं घड्याळ पावलं मोजतं, झोप मोजतं, नाडी मोजतं. माझ्या ओळखीतल्या बहुतेकांना कालची पावलं सांगता येतात आणि एलडीएल सांगता येत नाही.

डेरवणच्या त्या मुली आज विशी ओलांडून गेल्या आहेत. २०४५ च्या सुमारास त्या चाळिशीत असतील, महादेवभाई आणि माझे काका ज्या वयाला गेले त्याच्या अलीकडे. तोवर कागद वाळवीपासून सांभाळले गेले, तर त्यांच्यातल्या कुणाला काय होऊ शकतं ते तिला आधी सांगता येईल.